राखीव माइक मुका झाला, तर पॅनलला कळले पाहिजे

मोठ्या इमारतीच्या फायर अलार्म यंत्रणेत एक वस्तू अशी असते की ती बंद पडली तरी कोणाचेच काही अडत नाही. ती म्हणजे घोषणा करण्यासाठीचा राखीव माइक. मुख्य माइक मॉक ड्रिलमध्ये वापरला जातो. स्मोक डिटेक्टर लूपवर असल्यामुळे पॅनल त्याची सतत चौकशी करत असतो. हूटर वाजला नाही तर रहिवासी लगेच विचारतात. राखीव माइक मात्र सिक्युरिटी रूममध्ये किंवा दुसऱ्या कॅबिनेटमध्ये वर्षानुवर्षे तसाच लटकलेला असतो. त्याची गरज पडेल तो दिवस मुख्य माइक हाताशी नसण्याचा, म्हणजेच सर्वांत वाईट दिवस असणार. म्हणून या लेखाचे म्हणणे एकच आहे: राखीव माइकसाठी पॅनलच्या प्रोग्रामिंगमध्ये वेगळा आणि स्पष्ट नावाचा ट्रबल पॉइंट, म्हणजे बिघाड दाखवणारी नोंद, असलाच पाहिजे, आणि मुद्दाम फॉल्ट करून तो तपासलेला असला पाहिजे. तसे नसेल, तर तो माइक कागदावर आहे, पण यंत्रणेत आहे याची खात्री कोणालाच देता येणार नाही. पॅनल प्रोग्राम करणारे तंत्रज्ञ, इमारतीचे फायर ऑफिसर, फॅसिलिटी मॅनेजर आणि सोसायटीच्या कमिटीचे सदस्य या सगळ्यांशी या विषयाचा संबंध आहे. त्यामुळे तांत्रिक भाग जिथे येईल तिथे त्यामागचे कारणही देत आहे.

नोंदवलेला संदेश आपोआप वाजतो, मग जिवंत आवाजाची आणि त्यासाठीच्या माइकची एवढी काळजी कशाला, हा प्रश्न आधी हाताळू. गिलेन प्रू आणि जोनाथन साइम यांनी 1991 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या बाबतीत फार उपयोगी आहे. इंग्लंडमधील न्यूकॅसल शहराच्या मॉन्युमेंट या भुयारी स्थानकात त्यांनी वेगवेगळ्या प्रकारे इशारा देऊन लोक कसे बाहेर पडतात ते पाहिले. नुसती घंटा वाजली तेव्हा लोक थांबून राहिले. नियंत्रण कक्षातून परिस्थिती पाहून काय झाले आहे आणि कुठे जायचे हे स्पष्ट सांगितले गेले, तेव्हा ते लवकर हलले. आग सातव्या मजल्यावर आहे, पूर्वेकडच्या जिन्यात धूर आहे, पश्चिमेच्या जिन्याने उतरा, ही सूचना कोणत्याही रेकॉर्डिंगमध्ये आधीपासून भरून ठेवता येत नाही. दुसरा दाखला 11 सप्टेंबर 2001 चा. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमधील उत्तर मनोऱ्यावर विमान आदळल्यानंतर सूचना दिल्या गेल्या, पण घोषणायंत्रणेला इजा झाल्यामुळे त्या अनेक भागांत ऐकूच गेल्या नाहीत, असे अमेरिकेच्या चौकशी आयोगाने नोंदवले आहे. त्या आघातासमोर माइकची कोणतीही देखरेख पुरी पडली नसती. तरी त्यातला एक धडा प्रत्येक इमारतीला लागू आहे. माइकवर बोलणाऱ्याला आपला आवाज पोहोचतो आहे की नाही हे स्वतःच्या कानांनी कळत नाही. ते यंत्रणेने सांगावे लागते, आणि आणीबाणी येण्याच्या बरेच आधी सांगावे लागते.

हे सांगण्याचे काम ट्रबल सिग्नलचे. अमेरिकी एनएफपीए 72 मानकावर चालणारा पॅनल मुख्यतः तीन प्रकारचे सिग्नल देतो. आग किंवा धूर लागला तर अलार्म. स्प्रिंकलरचा व्हॉल्व्ह कोणी बंद केला, म्हणजे अग्निसुरक्षेचे दुसरे साधन योग्य स्थितीत राहिले नाही, तर सुपरव्हायझरी. आणि अलार्म यंत्रणेच्या स्वतःच्या अंगात बिघाड झाला तर ट्रबल. युरोपीय ईएन 54 मालिकेत याच तिसऱ्या स्थितीला फॉल्ट म्हणतात, आणि आपल्याकडच्या साइटवरही ‘फॉल्ट आला’ असेच बोलले जाते. राखीव माइक हा अलार्म यंत्रणेचाच अवयव असल्यामुळे त्याचा बिघाड निःसंशय तिसऱ्या वर्गातला आहे. वेळेची मर्यादाही ठरलेली आहे: एनएफपीए 72 नुसार बिघाड झाल्यापासून 200 सेकंदांच्या आत ट्रबल दिसला पाहिजे, तर ईएन 54 मध्ये ही मर्यादा 100 सेकंद आहे. एनएफपीए 72 पुढे असेही सांगते की वॉचमनने बझर गप्प केला आणि फॉल्ट तसाच राहिला, तर 24 तासांच्या आत तो बझर पुन्हा वाजला पाहिजे. या नियमांमागची दृष्टी नीट पाहा. बिघाड होणारच हे त्यांनी गृहीत धरलेले आहे. तो लपून राहू नये एवढीच त्यांची मागणी आहे.

प्रोग्रामिंगला बसण्याआधी तुमचा राखीव माइक पॅनलला नेमका कसा जोडलेला आहे ते शोधा, कारण पुढचे सगळे त्यावर ठरते. साधारणपणे दोन तऱ्हा आढळतात. पहिल्या तऱ्हेत माइक त्याच कंपनीचा आणि त्याच व्हॉइस पॅनलसाठी बनवलेला असतो. तो ऑडिओ कार्डाच्या ठरलेल्या पोर्टवर किंवा पॅनलच्या नेटवर्कवर बसतो आणि त्याची देखरेख पॅनलच्या आतच होते. इथे तंत्रज्ञाची समजूत होते की आपल्याला काही करायचे नाही, पॅनल पाहून घेईल. ही समजूत अर्धीच खरी आहे. पॅनल फक्त त्याच वस्तूची वाट पाहतो जी कॉन्फिगरेशनमध्ये ‘आहे’ म्हणून नोंदवलेली असते. मुख्य माइकचा पोर्ट नोंदवला, राखीव माइक नंतर आला म्हणून त्याचा पोर्ट तसाच सोडला, तर माइक उपटून घरी नेला तरी पॅनल ‘सिस्टिम नॉर्मल’ दाखवत राहील. काही पॅनलमध्ये तर न नोंदवलेल्या पोर्टवरूनही आवाज जाऊ शकतो. त्यामुळे कमिशनिंगच्या दिवशी ‘बोलून पाहिले, आवाज आला’ एवढ्यावर काम संपवले जाते आणि देखरेख कधी सुरूच झाली नाही हे कोणाच्या लक्षात येत नाही. दुसऱ्या तऱ्हेत राखीव माइक स्वतंत्र प्रीअँप्लिफायरवर किंवा पीए कन्सोलवर असतो. त्या कन्सोलला फॉल्ट रिले असतो आणि त्याचा संपर्क मॉनिटर मॉड्युलमार्फत पॅनलच्या लूपवर आणावा लागतो. इथे देखरेख आपण स्वतः बांधायची असते, म्हणून चुकण्याच्या जागाही जास्त.

देखरेख म्हणजे नेमके कशाकशाची, हेही स्पष्ट असले पाहिजे. माइकच्या साखळीत चार कड्या आहेत: आवाज पकडणारी कॅप्सूल, बोलताना दाबायचे पीटीटी बटण, माइकपासून पॅनलपर्यंतची केबल आणि कन्सोलला स्वतंत्र वीज लागत असेल तर तो पुरवठा. इलेक्ट्रेट कॅप्सूलला चालण्यासाठी थोडा डीसी प्रवाह लागतोच. तो प्रवाह शून्यावर आला तर तार तुटली आणि फार वाढला तर शॉर्ट झाली, हे पॅनलला ओळखता येते. डायनॅमिक माइकच्या कॉइलला ठराविक रोध असतो, त्यातून बारीकसा प्रवाह सोडून तीच तपासणी करतात. ईएन 54-16 या व्हॉइस अलार्म पॅनलच्या मानकात आणीबाणीचा माइक दिलेला असेल तर त्याच्या जोडणीतील बिघाडही फॉल्ट म्हणून दाखवण्याची अपेक्षा आहे. पीटीटी बटणाकडे मात्र सर्वांत कमी लक्ष जाते आणि धोका तिथेच मोठा आहे. जिवंत माइकला बहुतेक यंत्रणांत सर्वोच्च प्राधान्य दिलेले असते, म्हणजे बटण दाबले की आपोआप वाजणारा संदेश थांबतो. समजा राखीव माइक हुकावर वाकडा अडकला आणि त्याचे बटण दाबलेलेच राहिले. आता आग लागली तर स्पीकरवरून इव्हॅक्युएशनचा संदेश जाण्याऐवजी सिक्युरिटी रूममधली शांतता प्रसारित होत राहील. म्हणून बटण ठराविक वेळेपेक्षा जास्त दाबलेले राहिले तर ट्रबल यावा, ही सेटिंग पॅनलमध्ये असेल तर ती चालू करा. नसेल, तर राखीव माइकचे प्राधान्य आणि त्याची जागा यांचा पुन्हा विचार करा.

आता मॉनिटर मॉड्युलच्या वायरिंगकडे वळू, कारण प्रोग्रामिंग कितीही चांगले असले तरी चुकीच्या वायरिंगवर ते आंधळे असते. कन्सोलचा फॉल्ट रिले असा निवडा की सर्व ठीक असताना तो ऊर्जित राहील आणि बिघाड झाला किंवा कन्सोलची वीज गेली की सुटेल. उलटी रचना केली, म्हणजे बिघाड झाल्यावर रिले ऊर्जित होणार असेल, तर वीज गेलेला मेलेला कन्सोल स्वतःच्या मरणाची बातमी देऊच शकणार नाही. रिले सुटल्यावर जो संपर्क बंद होतो, म्हणजे मिटतो, तो घेऊन मॉड्युलच्या इनपुटच्या दोन तारांवर समांतर जोडा आणि एंड ऑफ लाइन रेझिस्टर त्या संपर्काच्या शेजारी, कन्सोलच्या टोकाला बसवा. रेझिस्टर पॅनलच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या किमतीचाच हवा. कुठे तो 47 किलोओहम असतो, कुठे 10. अशा जोडणीत माइकचा बिघाड झाला की मॉड्युल ‘ॲक्टिव्ह’ होते आणि मधली तार तुटली की ‘ओपन सर्किट’ येते. दोन्हींचा अर्थ ट्रबलच, पण दुरुस्तीला जाणाऱ्याला कुठून सुरुवात करायची ते कळते. काही जण सर्व ठीक असताना मिटलेला आणि बिघाडात उघडणारा संपर्क रेझिस्टरबरोबर एकसरीत टाकतात. तेही चालते, बिघाड झाला की ट्रबल येतो. मात्र त्यात तार तुटली की माइक बिघडला हे वेगळे समजत नाही. आणि रेझिस्टर मॉड्युलच्याच टर्मिनलवर ठोकून देण्याची पद्धत मात्र अजिबात नको. तसे केले की मॉड्युलपासून माइकपर्यंतची सगळी केबल देखरेखीबाहेर जाते आणि उंदराने कुरतडलेली तार कोणालाच कळत नाही.

वायरिंग बरोबर झाली की प्रोग्रामिंगमधला सर्वांत महत्त्वाचा निर्णय येतो, तो पॉइंटच्या प्रकाराचा. मॉड्युल नव्याने जोडले की अनेक पॅनल त्याला मूळ सेटिंगनुसार अलार्म देणारा इनपुट समजतात. तो प्रकार बदलायचा राहिला तर माइकची तार निसटताच आख्ख्या इमारतीत हूटर वाजतील आणि दुसऱ्याच दिवशी कोणीतरी वैतागून तो पॉइंट डिसेबल करील. उलट काही ठिकाणी घाबरून त्याला नुसता ‘मॉनिटर’ किंवा ‘नॉन-फायर’ प्रकार दिला जातो. मग पडद्यावर ओळ येते, पण बझर वाजत नाही, ट्रबलचा पिवळा दिवा लागत नाही, ट्रबल रिले हलत नाही. सुपरव्हायझरी प्रकार देणेही बरोबर नाही, कारण तिथे व्हॉल्व्ह बंद असल्यासारख्या नोंदींच्या गर्दीत माइक हरवतो. प्रत्येक कंपनीच्या यादीत ट्रबल म्हणून नोंद करणारा प्रकार कोणत्या ना कोणत्या नावाने असतो, तोच निवडा. ट्रबल साधारणपणे नॉन-लॅचिंग असतो, म्हणजे बिघाड गेला की तो आपोआप पुसला जातो. त्यामुळे सैल कनेक्टरचा फॉल्ट दिवसातून चार वेळा येऊन जाईल आणि सकाळी पॅनल नॉर्मल दिसेल. यावर उपाय एकच, पॅनलची इव्हेंट हिस्टरी नियमित वाचणे. क्षणिक फॉल्ट गाळण्यासाठी विलंब द्यायचा असेल तर थोड्या सेकंदांचाच द्या, आणि माइकपासून पडद्यापर्यंतचा एकूण वेळ 200 किंवा 100 सेकंदांच्या मर्यादेत राहतो का ते स्टॉपवॉच लावून पाहा. मुख्य वीजपुरवठा गेल्याची सूचना बाहेर पाठवायला मानकात काही तासांचा विलंब चालतो. त्या विलंबाच्या गटात माइकचा पॉइंट चुकून जाणार नाही याची खात्री करा.

पॉइंटचे नाव हा किरकोळ भाग वाटतो, पण मध्यरात्री पॅनलसमोर उभ्या असलेल्या माणसाच्या हाती तेवढीच माहिती असते. ‘मॉड्युल 087 ट्रबल’ या ओळीवरून त्याला काहीच बोध होत नाही. ‘बॅकअप माइक फॉल्ट, बी विंग, सिक्युरिटी रूम’ अशी ओळ दिसली तर तो फोन करून नेमके सांगू शकतो. ही ओळ मुख्य पॅनलवर तर दिसावीच, शिवाय रिपीटर पॅनलवर आणि इमारतीत बीएमएस (बिल्डिंग मॅनेजमेंट सिस्टिम) असेल तर तिथेही जावी. ज्या खोलीत राखीव माइक आहे तिथेही एक दिवा असावा, म्हणजे आणीबाणीत माइक उचलणाऱ्याला तो चालू आहे की नाही हे आधीच दिसेल. कोणत्या सिग्नलवर काय घडावे हे सांगणाऱ्या कॉज अँड इफेक्टच्या तक्त्यात या पॉइंटसाठी एक ओळ लिहा आणि त्यात काय व्हावे याइतकेच काय होऊ नये तेही लिहा. या फॉल्टने कोणताही हूटर, लिफ्टचा रिकॉल किंवा दरवाज्यांचे कुलूप हलता कामा नये. या फॉल्टमुळे नोंदवलेला संदेश किंवा मुख्य माइक अडता कामा नये. राखीव साधनाचा बिघाड मूळ साधनाला घेऊन बुडाला, तर राखीव साधन ठेवण्यात काही अर्थ उरत नाही.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप खर्च वाचवू पाहणाऱ्यांचा असतो: व्हॉइस यंत्रणेचा एक सामाईक ट्रबल इनपुट पॅनलवर आहेच, त्यात माइकही आला, वेगळा पॉइंट कशाला? त्याचे उत्तर असे. सामाईक रिलेला दोनच स्थिती असतात, ठीक किंवा बिघडलेली. अँप्लिफायरची बॅटरी उतरली म्हणून तो रिले आधीच सुटलेला आहे आणि बॅटरी मागवली आहे, पंधरा दिवसांत येईल, असे समजा. या पंधरा दिवसांत राखीव माइकची तार तुटली तर रिले पुन्हा सुटू शकत नाही, कारण तो सुटलेलाच आहे. पॅनलवर नवी ओळ येत नाही, बझर नव्याने वाजत नाही. बॅटरी बदलल्यावरही सामाईक ट्रबल तसाच राहिला तर बहुतेकांचा संशय नव्या बॅटरीवरच जातो. एक फॉल्ट दुसऱ्याला झाकतो, हा सामाईक इनपुटचा अंगभूत दोष आहे आणि तो कितीही दक्ष माणसे ठेवली तरी जात नाही. वेगळ्या पॉइंटला लागते एक मॉड्युल आणि थोडी केबल. व्हॉइस यंत्रणेच्या एकूण खर्चात ही रक्कम नगण्य आहे.

दुसरा आक्षेप अधिक विचारी माणसांकडून येतो. मुख्य माइक आहे, राखीवही आहे, दोन्ही एकाच वेळी बिघडण्याची शक्यता किती? सहा महिन्यांनी तपासणी होतेच की. हे गणित राखीव माइक गरजेच्या क्षणी चालू आहे असे मनात धरून मांडलेले असते, आणि नेमके तेच तर सिद्ध करायचे आहे. देखरेख नसलेल्या माइकमधला बिघाड दोन तपासण्यांच्या मध्ये कधीही होऊ शकतो. सहा महिन्यांच्या अंतराने तपासणी असेल तर तो सरासरीने तीन महिने, आणि नशीब वाईट असेल तर जवळजवळ पूर्ण सहा महिने लपून राहतो. देखरेख असेल तर तो 200 सेकंदांत समोर येतो. फरक एवढा मोठा आहे. शिवाय दोन माइकचे बिघाड एकमेकांपासून स्वतंत्र असतातच असे नाही. दोघांच्या केबल एकाच शाफ्टमधून गेल्या असतील, दोघे एकाच अँप्लिफायरवर किंवा एकाच पॉवर सप्लायवर असतील, तर एका ठिकाणची गळती किंवा आग दोघांनाही घेऊन जाईल. म्हणून राखीव माइकची केबल वेगळ्या मार्गाने न्या, आणि त्याच्या देखरेखीचे मॉड्युल मुख्य माइकच्या कार्डावर किंवा पुरवठ्यावर अवलंबून ठेवू नका. मुख्य माइकबरोबर मरणारी देखरेख काहीच सांगत नाही.

तिसरा आक्षेप वॉचमन आणि फॅसिलिटीच्या लोकांचा, आणि तो मनापासूनचा असतो: पॅनलवर आधीच रोज फॉल्ट येतात, आणखी एक वाढला तर लोक बझर गप्प करून विसरून जातील. हे खरे आहे की सतत वाजणाऱ्या बझरकडे माणूस दुर्लक्ष करायला शिकतो. पण त्यावरचा उपाय फॉल्टचे कारण काढणे हा आहे. देखरेख काढून टाकली तर बझर थांबेल आणि फॉल्ट आतल्या आत राहील. माइकच्या लाइनवर वारंवार येणाऱ्या फॉल्टची कारणे मोजकीच असतात. वापरात हलणाऱ्या माइकचा कनेक्टर सैल झालेला असतो. केबलचे शील्ड दोन्ही टोकांना अर्थ केलेले असते, ते एकाच टोकाला करून दुसऱ्या टोकाला नीट इन्सुलेट करावे लागते. पावसाळ्यात ओल येऊन तार अर्थला लागते, आणि पाऊस ओसरला की फॉल्टही जातो. माइक अजून बसवला नाही म्हणून पोर्टवर रेझिस्टर किंवा जंपर टाकून पॅनल नॉर्मल केला जातो, आणि नंतर माइक आला तरी तो जंपर तिथेच राहतो. हा शेवटचा प्रकार सर्वांत घातक, कारण त्यात पॅनलला खोटे सांगितले जाते. तात्पुरता पॉइंट डिसेबल करावाच लागला तर पॅनलवर डिसेबलची नोंद दिसत राहू द्या आणि रजिस्टरमध्ये तारीख, कारण आणि तो पुन्हा कधी चालू करणार हे लिहा.

चौथा आक्षेप तंत्रज्ञांचा आहे आणि तो मी पूर्ण मान्य करतो. कॅप्सूलमधून प्रवाह वाहतो म्हणजे आवाज नीट जातो असे नाही. धूळ बसून माइक मंदावला, कोणी आवाजाची पातळी खाली केली, अँप्लिफायरचे गेन चुकले, तर देखरेख गप्प राहील. एनएफपीए 72 च्या परिशिष्टात बोलणे समजण्याच्या मोजमापासाठी एसटीआय हा निर्देशांक आहे, आणि मोजलेल्या जागांपैकी 90 टक्के जागांवर तो किमान 0.45 व सरासरी किमान 0.50 असावा असे मार्गदर्शन आहे. ते फक्त प्रत्यक्ष बोलून किंवा चाचणी ध्वनी सोडूनच मोजता येते. म्हणजे देखरेख आणि चाचणी एकमेकींची जागा घेऊ शकत नाहीत. चाचणी सांगते की आज हा माइक चांगला बोलतो. देखरेख सांगते की चाचणीनंतर त्याची जोडणी तुटलेली नाही. दोन्ही मिळूनच भरवसा तयार होतो.

चाचणीही मग तशीच करा. इमारतीला आधी कळवा, आणि बाहेर सिग्नल जात असेल तर तो पाहणाऱ्यांनाही कळवा. राखीव माइकचा जॅक काढा, वेळ मोजा, पडद्यावर आलेली ओळ लिहून घ्या, परत लावा आणि फॉल्ट गेला का ते पाहा. मग ऑडिओची एक तार काढा, दोन्ही तारा शॉर्ट करा, एक तार अर्थला लावा, कन्सोलची वीज तोडा, पीटीटी बटण दाबून धरा आणि शेवटी मॉनिटर मॉड्युल लूपवरून उतरवा. प्रत्येक वेळी पॅनलने बोलले पाहिजे. एक प्रसंग मुद्दाम जोडा: दुसरा एखादा फॉल्ट आधी तयार करून ठेवा आणि मग माइकचा जॅक काढा, म्हणजे झाकले जाण्याचा दोष आहे की नाही ते उघड होईल. त्यानंतर मुख्य माइक पूर्ण काढून टाका, मेन्स बंद करून पॅनल बॅटरीवर घ्या आणि राखीव माइकवरून बोला. पॅनलजवळच्या स्पीकरवर विसंबू नका. सर्वांत दूरच्या मजल्यावर, बंद दरवाज्यामागे माणूस उभा करून त्याला ऐकलेले वाक्य परत सांगायला लावा. व्हॉइस यंत्रणेची बॅटरी एनएफपीए 72 नुसार 24 तास स्टँडबाय आणि त्यानंतर 15 मिनिटे पूर्ण भारावर चालली पाहिजे. राखीव माइकचा कन्सोल वेगळ्या पुरवठ्यावर असेल तर त्याच्या बॅटरीलाही हाच हिशोब लावा.

एक धोका मात्र चाचणीनंतरही उरतो. पॅनलचा प्रोग्राम लॅपटॉपवरून उतरवला जातो. राखीव माइकचा पॉइंट साइटवर नंतर जोडला गेला आणि पुढच्या वेळी दुसऱ्या तंत्रज्ञाने जुनी फाइल पॅनलमध्ये टाकली, तर तो पॉइंट एका क्षणात नाहीसा होतो. तो पॉइंट प्रोग्राममध्येच उरत नाही, म्हणून त्याचा फॉल्टही येत नाही. यासाठी प्रत्येक बदलानंतर फाइलची ताजी प्रत तारीख घालून इमारतीच्या ताब्यात ठेवा, आणि कोणताही प्रोग्राम उतरवल्यानंतर निदान राखीव माइकचा जॅक काढून पाहण्याची एक चाचणी सक्तीची करा. त्याला दोन मिनिटे लागतात.

महाराष्ट्रातल्या वाचकांना यासाठी नवे वेळापत्रक आखण्याची गरज नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार इमारतीतील अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र मालकाने किंवा भोगवटादाराने परवानाधारक एजन्सीकडून घेऊन दर जानेवारी आणि जुलै महिन्यात सादर करायचे असते. व्हॉइस यंत्रणा असलेल्या इमारतीच्या कमिटीने एएमसीच्या करारात राखीव माइकच्या ट्रबल चाचणीची एक ओळ लिहून घ्यावी. त्या दोन महिन्यांत एजन्सीच्या तंत्रज्ञासमोर उभे राहून जॅक काढायला लावावा आणि पॅनलवर आलेली ओळ स्वतः वाचावी. हे पाहायला तांत्रिक ज्ञान लागत नाही. ओळ आली तर प्रमाणपत्रावर विश्वास ठेवा. नाही आली, तर ती प्रोग्राममध्ये येईपर्यंत कामाच्या बिलावर सही करू नका.